भाऊजींच्या नावावरचे अकरा हजार

धाकट्या मुलीला जुळं झालं आणि ते बघायला आलेल्या दिराला इस्त्रीवालीने दारातूनच परत पाठवलं, त्या वर्षीची गोष्ट. दिराने अकरा हजार उसने नेऊन बुडवले, असं नवऱ्याने तिला सांगितलं होतं.

ती शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होती. फोनवर मेसेज वाजला आणि लगेच कुणाचा तरी फोन आला. तिने कोपराने स्पीकर लावला.

"काकू, तुम्हाला सहाशे पाठवायचे होते, चुकून सहा हजार गेले. मेसेज आला असेल बघा. वरचे परत पाठवता का? आई दवाखान्यात आहे."

"शर्ट चालू आहे. थांब."

"काकू, तातडीचं आहे हो."

"इस्त्री तापलीय, बाळा. शर्ट करपला तर तू भरून देणार का?"

कॉलर झाली, बाह्या झाल्या, पाठ झाली. पलीकडचा माणूस आईचे हाल सांगत राहिला. हातातला कपडा पुरा केल्याशिवाय ती फोन हातात घेत नसे. शर्टाची घडी घातल्यावर तिने हात पुसले, मेसेज वाचला आणि मग ॲप उघडून खातं बघितलं. सकाळी होते तेवढेच, चौदाशे बारा.

"पैसे आलेले नाहीत रे."

"मेसेज बघा ना."

"बघितला. तुझ्याच नंबरवरून आलाय. बँकेने तुला कामाला ठेवलं की काय?"

फोन बंद झाला.

समोर घड्या घालणाऱ्या नवऱ्याचा हात थांबला होता.

"खात्यात बघायचं असतं होय," तो म्हणाला. "मी नुसता मेसेजच बघितला होता."

"कधी?"

त्याने घातलेली घडी मोडली आणि तीच पँट पुन्हा घडी करायला घेतली.

"ते अकरा हजार. धाकट्याला दिलेच नव्हते मी. असाच फोन आला होता. घाईघाईत पाठवून बसलो."

अजून सात शर्ट राहिले होते. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, स्टुलावर बसली आणि दिराचा नंबर लावला.

"भाऊजी, रविवारी जेवायला या. जुळ्यांना घेऊन धाकटीही येणार आहे."



"दादा बोलला वाटतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच म्हटलं होतं त्याला, माझं नाव सांग म्हणून. लाजून जेवेना तो. म्हटलं, वहिनी माझ्यावर चार दिवस रागावतील."

नवरा पाठ फिरवून उभा होता.

"दोघं कुणासारखी दिसतात?" दिराने विचारलं.

"या आणि बघा," ती म्हणाली.

रविवारी भाऊजी आले. दोन्ही बाळांना मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसले.

भाऊजी पुढच्या वर्षी नऊ मार्चला सकाळी गेले.