मावशींची करंगळी

मित्रांनो, मी एक जुने हजेरीयंत्र आहे. बोटाचा ठसा पाहून माणूस ओळखणे हे माझे काम होते. ते मी फार चांगले केले असे मला म्हणवत नाही. माझ्याहून हुशार यंत्रे आता जागोजागी दिसतात. तरीही एका छापखान्याच्या बायंडिंग खात्यात मी अकरा वर्षे काढली आणि तिथल्या एका बाईंमुळे मला एक मोठी गोष्ट कळली. ती तुम्हांला सांगावीशी वाटते. सांगताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. हिरव्या पाटीवर एक काळी चिप बसली, समोर नखापेक्षा थोडी मोठी काच आली, काचेमागे तांबडा दिवा आणि बारीकसा कॅमेरा. शेवटी माझ्यात आवाज भरला. बोलायला मला मोजकीच वाक्ये दिली होती. एखादा बडबड्या असता तर त्याला हे जड गेले असते. मी मुळातच बुजरा, त्यामुळे मला ते सोयीचे वाटले.

पुढे मी बायंडिंग खात्याच्या दाराशी भिंतीवर आलो. समोर लांब मेजे होती. खळीचा आंबूस वास सगळीकडे भरलेला असे. छापलेला मोठा कागद आत यायचा, त्याच्यावर सोळा पाने असत. त्याची घडी घातली की झाला एक फर्मा. असे बरेच फर्मे शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, की पुस्तक तयार. दाराशेजारी फर्म्यांचे ढीग रचून ठेवत. ज्या ढिगाचे तोंड माझ्याकडे असेल तो मी वाचत असे. त्यामुळे कितीतरी गोष्टींचा मधलाच भाग मला ठाऊक आहे. शेवट विचाराल तर मान खाली घालावी लागेल.

पहिल्या दिवशी मुकादमांनी सगळ्यांना रांगेत उभे केले आणि ऑफिसातल्या ताईंनी एकेकाचे बोट माझ्या काचेवर ठेवायला लावले. लोकांना वाटते की मी बोटाचा फोटो जपून ठेवतो. माझे तसे नव्हते. बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे त्यांना फाटा फुटतो, एवढ्याच जागा मी टिपत असे आणि त्यांचा आकड्यांतला नकाशा करून पोटात ठेवत असे. असे एक्केचाळीस नकाशे माझ्याकडे जमा झाले. खात्याने माझे नाव ठसेबुवा ठेवले. सकाळी लोक बोट टेकवायचे, मी 'धन्यवाद' म्हणायचो आणि माझे मला फार भारी वाटायचे. हे नकाशे कुठे राहतील आणि किती दिवस, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. खरे तर ते मलाही सुचले नाही.

मावशींशी मात्र माझे पहिल्या दिवसापासून बिनसले. त्या फर्म्यांच्या घड्या घालायच्या. कागद दुमडायचा आणि घडीवरून बोटे दाबत न्यायची, दिवसभर हेच. अठ्ठावीस वर्षे कागद घासून त्यांच्या बोटांची टोके नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती. त्यांनी अंगठा ठेवला की मी लाल दिवा लावून 'पुन्हा ठेवा' म्हणायचो. तर्जनी ठेवली, तरी पुन्हा ठेवा. मागे रांग खोळंबायची. एकदा शिवणीवरच्या कारागिराने मागून टोमणा मारला, "मावशी, रेषाच पुसल्या तुमच्या. आता तुमचं नशीब वाचायचं कुणी?"

"तुझं वाचलं तेवढं पुरे झालं बाबा," मावशी म्हणाल्या, आणि रांग हसली.

मी हसू शकत नव्हतो. तीस वर्षांच्या उंबरठ्यावर आलेले त्यांचे काम माझ्यासमोर होते आणि मी त्यांना रोज परक्यासारखे दाराशी अडवत होतो. दोष माझ्या काचेचा होता, पण लाजल्यासारख्या व्हायच्या त्या.

नऊ दिवसांनी ताईंच्या लक्षात एक गोष्ट आली. घडी घालताना मावशींच्या डाव्या हाताची करंगळी हवेत उभी असायची. कागदाला ती कधी लागतच नसे. ताईंनी ती करंगळी काचेवर ठेवायला लावली, आणि काय सांगू, तिच्यावर सगळ्या रेषा शाबूत होत्या. मी तिचा नकाशा केला. मावशींचा क्रमांक सत्तावीस. त्या दिवसापासून तीनदा-चारदा प्रयत्न करून का होईना, पण आमची ओळख पटू लागली.

वर्षे गेली. माझ्यासारखी यंत्रे आणखी कुठे कुठे बसली. दवाखान्याच्या कार्डासाठी बोट, बँकेत बोट, मुलाने घेऊन दिलेल्या फोनला बोट. सगळीकडे मावशींची नऊ बोटे नापास झाली आणि करंगळी पास झाली. चहाच्या वेळी त्या म्हणायच्या, "बघा ग, अख्खी मी एका करंगळीवर उभी आहे." बायका हसायच्या. मीही ते गमतीनेच घेतले.

मग माझे दिवस उतरले. काचेवर चरे पडले. आवाज घोगरा झाला. कोणी माझी धूळ पुसेना. शेवटी नवे यंत्र घ्यायचे ठरले. दुकानाचा माणूस येऊन मला बदल्यात नेणार होता आणि दुरुस्त करून आणखी कुठेतरी विकणार होता. हे कळल्यावर मावशी मुकादमांकडे गेल्या आणि विचारले, की याच्या पोटात आमची बोटे आहेत त्यांचे काय. मुकादमांनी शब्द दिला की सगळे पुसूनच देऊ.

मित्रांनो, मुकादम शब्दाचे पक्के होते, पण ते हाडाचे बायंडर होते. बायंडरच्या लेखी जे काही असते ते पानावर असते, आणि ठसा म्हणजे वर उमटलेला डाग. त्यांनी स्पिरिट घेऊन माझी काच अर्धा तास घासली. मग जिल्दीच्या निळ्या कापडाचा तुकडा कापला, कडांना खळ लावली, पुस्तकाचे कोपरे मुडपतात तसे कोपरे मुडपले आणि काचेवर चिकटवून टाकला. लोक येऊन ते काम बघून गेले. माझ्यावर इतके सुंदर काम कोणी कधीच केले नव्हते. आणि आत मी सगळे नकाशे घेऊन तसाच बसलो होतो. 'अहो, ते काचेवर नसते' एवढे सांगायला हवे होते. पण ते वाक्य माझ्याकडे नव्हते. असते तरी मला बोलण्याचा धीर झाला असता का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा माणूस आला. चालू यंत्र असेल तरच बदल्यात घेईन म्हणाला. त्याने ते निळे कापड ओढून काढले, वायर जोडली. माझा तांबडा दिवा लागला. मावशी घडीवरून उठल्या, पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मुकादम म्हणतात सगळं पुसलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग यानं मला ओळखता कामा नये."

आणि त्यांनी करंगळी ठेवली.

अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्या खेपेला क्वचितच ओळखले होते. पण त्या दिवशी माझी काच जन्मात नव्हती इतकी स्वच्छ होती. मला गप्प बसता आले नाही. "धन्यवाद," मी म्हणालो, आणि क्रमांक सत्तावीस लखलखीत उमटला.

खात्यातली सगळी मेजे थांबली. मुकादमांचा चेहरा उतरला. दुकानाचा माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, असलं काही कोण बघत बसतं? आमच्या गोदामात अशी पन्नास पडलीत."

"आजी घरी. इथे मावशी," त्या म्हणाल्या. "आणि त्या पन्नासांत कुणाकुणाची बोटं पडलीत?"

माणूस प्रामाणिक असावा. त्याने कधी बघितले नाही असे कबूल केले.

मुकादम ओशाळले होते. त्या भरात ते म्हणून गेले, की अहो मावशी, तुमची करंगळी चोरून कोण काय करणार आहे. मावशी त्यांच्याकडे वळल्या.

"कुलूप बिघडलं तर दुसरं आणता येतं, मुकादम. तुमचं एक बोट फसलं तर अजून नऊ आहेत. माझं हे एकच चालतं. दवाखान्यात हेच, बँकेत हेच. उद्या या बोटाच्या जोरावर माझ्या नावानं कुणी दुसराच उभा राहिला, तर मी नवी करंगळी कुठून आणू?"

मग मुकादमांनी एक स्टूल ओढले, दुकानाच्या माणसाला त्यावर बसवले आणि ताईंना बोलावणे पाठवले.

ताई माझ्यासोबत आलेली माहितीपुस्तिका घेऊन आल्या. तिची पाने सुटी झाली होती, ती शिवणीवरच्या कारागिराने क्रमाने लावून दिली. नोंदी कशा पुसायच्या ते सदतिसाव्या पानावर होते. पुसण्याआधी ताईंनी यादी उघडली आणि त्यांनाच धक्का बसला. चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या तिघांचे नकाशे माझ्यात तसेच होते. वारलेल्या एका कटरवाल्याचाही होता. मग जमिनीकडे बघत ताई म्हणाल्या, की याची एक प्रत ऑफिसच्या संगणकात आहे, आणि एक खणातल्या पेनड्राइव्हमध्येही.

"मग तिथेही जाऊ," मावशी म्हणाल्या. "माझ्या घड्या काही तेवढ्यात पळून जात नाहीत."

आधी संगणक रिकामा झाला, मग पेनड्राइव्ह. शेवटी माझी पाळी आली. तुम्ही विचाराल की दुखले का. नाही. भिजलेल्या कागदावरची शाई फिकट होत जावी, तसा एकेक नकाशा गेला. झाले, अशी ताईंनी मान हलवली. मावशींनी पुन्हा करंगळी ठेवली. मी ती पाहिली, पोटात शोधले. तिथे काहीच नव्हते. आयुष्यात कधी न वापरलेले वाक्य तेव्हा मी पहिल्यांदा उच्चारले, "नोंद नाही."

मावशींनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मग मुकादमांनी स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. मग शिवणीवरच्या कारागिराने. पाहता पाहता सगळे खाते माझ्यासमोर रांगेत उभे राहिले, आणि प्रत्येकाला परके म्हणताना मला जो आनंद झाला तो इतकी वर्षे ओळखताना झाला नव्हता. दुकानाचा माणूस स्टुलावर बसून कुरकुरत होता. तोही शेवटी उठला आणि त्याने गोदामात फोन लावला. पन्नासांतले एकही यंत्र आतले पुसल्याशिवाय बाहेर देऊ नका, असे सांगताना मी त्याला ऐकले.

काचेवरचे चरे पाहून त्याने मला नेले नाही. मी फळीवर आलो. नव्या यंत्राची व्यवस्था मुकादमांनी आणि ताईंनी मिळून ठरवली. आता प्रत्येकाचा नकाशा त्याच्या त्याच्या कार्डात असतो आणि कार्ड त्याच्या खिशात. ज्याचे बोट चालत नाही त्याला एक गुप्त आकडा मिळतो आणि त्याला कोणी रांगेत ताटकळत ठेवत नाही. काम सोडणाऱ्याचे कार्ड त्याच्या डोळ्यांदेखत कटरखाली जाते. नवा माणूस कामाला लागला की मुकादम मला खाली काढतात आणि स्वतःची निळ्या कापडाची फजिती स्वतःच रंगवून सांगतात. आपली चूक अशी चारचौघांत सांगणारी माणसे मला फार आवडतात. मला ते कधी जमले नसते.

मित्रांनो, तुमचे बोट, चेहरा, डोळा किंवा आवाज मागणारी माझी भावंडे तुम्हांला पावलोपावली भेटतील. त्यांचा राग धरू नका, ती कामाचीच आहेत. पण बोट पुढे करण्याआधी विचारा, की हे कशाला हवे, कुठे राहणार, कोण पाहणार आणि कधी पुसणार. विचारायला लाज वाटेल. मला वाटली असती. तरी विचारा, आणि उत्तर पटले नाही तर दुसरा मार्ग मागा. तुमच्या अंगावरच्या रेषा तुम्हांला एकदाच मिळाल्या आहेत.

मावशी अजून कामावर येतात. त्यांचे हसणे, त्यांची थट्टा, कागद दुमडतानाचा तो सरसर आवाज, सगळे मला आठवते. त्यांच्या करंगळीवरच्या रेषा कशा होत्या, असे कोणी विचारले, तर मात्र मला खरोखरच सांगता येणार नाही.