थोरल्याच्या कानामागे

"चौदाव्या पानावर थोरला मरतोय," धूरवाला म्हणाला. पेन्सिलीतल्या पानांचा गठ्ठा खवलेबाईंच्या टेबलावर ठेवून तो मान खाली घालून आपल्या जागी गेला.

बाईंना वाटलं, थट्टा करतोय. ड्रॅगनांच्या साथीने लढणाऱ्या पाच पोरांच्या या मांगामालिकेत, म्हणजे जपानी धर्तीच्या चित्रकथेत, तो एकोणीस वर्षं धूर, ढग आणि पडक्या भिंती काढत होता, आणि तेवढीच वर्षं बाईंची टिंगल करत होता. पोरं मालिकेचे मुख्य चित्रकार, मास्तर, स्वतः काढत; पोरांना दुसऱ्या कुणाची शाई लागत नसे. बाईंकडे फक्त थोरल्याचे खवले. थोरला म्हणजे पाचांतल्या धाकट्या मुलीचा म्हातारा ड्रॅगन. नाकापासून शेपटीपर्यंत दर आठवड्याला, टाकाने, एकेक खवला. बाईंचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

त्यांनी पान उघडलं. थट्टा नव्हती. थोरला आडवा पडला होता, डोळे अर्धे मिटलेले. घरच्या माणसाची बातमी अशी कुणी कागदावर पाठवतं का?

मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. गुडघ्यांवर बसलेल्या मुलीने हात पुढे केला होता, थोरल्याच्या डाव्या कानाकडे. पण तो हात मनगटापाशीच संपत होता. पंजा नव्हताच.

त्या कानामागे एक खवला कमी होता, आणि हे जगात आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही अशी बाईंची खात्री होती. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि आठवड्याच्या आत त्या कामावर आल्या. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात आपला चालत होता. अंक छापून आला तेव्हा कळलं, एक जागा कोरीच राहिली. पुढच्या वेळी भरली असती तर चूक उघडी पडली असती, म्हणून त्यांनी ती परत कोरी सोडली. मग दर वेळीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे पुढे ती जागा सोडताना त्यांना बरं वाटायला लागलं. तेवढ्या नखभर जागेत नवरा होता.

पान घेऊन त्या मास्तरांच्या खोलीत गेल्या.

"मास्तर, हात राहिलाय तुमचा."

मास्तर कागदावरचा रबराचा चुरा झटकत होते. "राहिला नाही, सोडलाय. तो तुम्ही काढा."

"मी खवले काढते." बाईंचा आवाज चढला. "आणि मारायचंच होतं त्याला, तर आधी सांगायचंत तरी. एवढी वर्षं जपला मी त्याला."

"चार वेळा आलो होतो टेबलाशी. तोंडच उघडेना माझं." मास्तरांनी पानावर बोट ठेवलं. "पंजा कानामागे येऊ द्या, बाई. खवला नाही तिथं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच वेळी दिसलं. पान छापायला जायच्या आधी."

"मग भरलंत का नाही?"

"भरायला टाक उचलला होता. मग ठेवला खाली." मास्तरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मला चेहरे जमतात. गार पडत चाललेल्या अंगावर हात कसा ठेवतात, ते मला येत नाही."

बाई पान घेऊन आपल्या टेबलाशी परतल्या. अकरा वर्षं आपण लपवत होतो आणि हा माणूस बघत होता, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना.

"काय म्हणाले?" धूरवाल्याने विचारलं.

"हात काढा म्हणाले."

धूरवाल्याला टिंगल सुचली नाही. त्याने नुसता आपला दिवा बाईंच्या बाजूला वळवला.

बाईंनी शेपटीपासून सुरुवात केली आणि खवल्याखवल्याने वर येत कानापाशी पोचल्या. तिथे त्यांनी स्वतःचा डावा हात टेबलावर सपाट ठेवून पाहिला. असा नव्हता. बोटं जराशी दुमडली, अंगठा मागे घेतला. असा होता, दवाखान्यात, नवऱ्याच्या कानामागे. तो हात तसाच ठेवून त्यांनी उजव्या हाताने तो कागदावर उतरवला.

पंधरा वर्षांच्या त्या मुलीच्या बोटांची पेरं बाईंच्या बोटांसारखीच सुजलेली आली. धूरवाल्याच्या ते लगेच लक्षात आलं. मास्तरांनी पान भिंगाखाली धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि तसंच छापायला पाठवलं.