कॉकपिटमधल्या मास्कबद्दलचा अर्ज

शेषगिरींना अर्ज लिहायचा भारी सोस. पापनाशमच्या तालुका कचेरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस. तंजावुरात गटार तुंबलं काय, टाउन बस भलत्याच जागी थांबली काय, यांचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. इंग्रजी असं कडक की वाचणाऱ्याला घाम फुटावा. पण या हौसेपायी त्यांनी पोटच्या पोरालाच बुडवलं.

करोनाचं दुसरं वर्ष चालू होतं. त्यांच्या बायकोचं, गंगाबाईंचं, एक फुप्फुस जुन्या क्षयाने निकामी झालेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांना लागण झाली तर आमच्या हातात काही नाही. आणि एकुलता एक मुलगा गणेशकुमार वैमानिक! तीन वर्षं घरी बसून वाट पाहिल्यावर बिचाऱ्याला एका विमान कंपनीत को-पायलटची नोकरी लागली होती, तीही वर्षभराच्या प्रोबेशनवर. सुट्टी मिळाली की तो त्रिचीला उतरून घरी यायचा.

"मास्क काढत नाहीस ना रे? माझी शपथ आहे तुज," गंगाबाई रोज फोनवर विचारायच्या.

"नाही ग अम्मा. कॅप्टन ओरडतात, काढ म्हणतात. तरी कॉकपिटमध्येसुद्धा काढत नाही."

झालं! शेषगिरींनी ते ऐकलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. कोण हा कॅप्टन, माझ्या बायकोच्या जिवावर उठलेला? अहो, पोराला एका शब्दाने विचारायचं तरी! पण नाही. बसले आणि कंपनीला दोन पानी अर्ज ठोकला, वर त्याची प्रत मंत्रालयाला. त्यात छाती फुगवून लिहिलं की, कॅप्टनने वारंवार हुकूम करूनही माझ्या मुलाने एकाही उड्डाणात मास्क उतरवलेला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी गणेशकुमार राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत हजर. आत आलाच नाही. वडिलांना दाराबाहेर बोलावून त्यांच्यापुढे त्या अर्जाची नक्कल धरली.

"अप्पा, हे कशास लिहिलंत?"

"लिहू नको तर काय करू? त्या माणसाची चूक..."

"चूक नाही, नियम आहे तो. कॉकपिटचं दार लागलं की मास्क उतरवायचा. वर हवेचा दाब गेला तर काही सेकंदांत ऑक्सिजनचा मास्क तोंडावर घट्ट बसवावा लागतो. मध्ये कापड असलं तर तो नीट बसत नाही. आम्ही दोघं बेशुद्ध पडलो तर मागच्या दीडशे लोकांचं काय? आणि तुम्ही लिहून दिलंत की मी रोज नियम मोडतो."

शेषगिरींच्या तोंडचं पाणी पळालं. "मग काढायचास की रे!"

"काढतच होतो. रोज. कोणी ओरडलं नाही माझ्यावर. अम्माला झोप लागावी म्हणून खोटं बोललो."

त्याच दुपारी शेषगिरींनी दुसरा अर्ज लिहिला. आधीचं सगळं चुकीचं होतं, मुलाने मास्क नेहमीच उतरवला, कॅप्टनबद्दल त्याने घरी सांगितलं ते आईच्या समाधानासाठी, मी हात जोडून क्षमा मागतो. चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. नियम पाळल्याचं मान्य, पण कॅप्टनवर खोटा आळ घेणाऱ्या माणसाशेजारी बसायला एकही कॅप्टन तयार नाही, सबब प्रोबेशन संपवण्यात येत आहे. म्हणजे पहिल्या अर्जाने पोरगा बेशिस्त ठरला आणि दुसऱ्याने खोटारडा. हा शेरा घेऊन दुसऱ्या कुठल्या कंपनीचं दार ठोठावणार?

आता हे गंगाबाईंना सांगायचं कोणी? उत्तर आल्याचं कळताच पुन्हा घरी आलेला गणेशकुमार त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडूनच बोलला. "अम्मा, मज काढून टाकलं. मास्क उतरवला नाही म्हणून."

शेषगिरींनी तोंड उघडलं, पण पोराने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

गंगाबाई पलंगावर उठून बसल्या. धाप लागली होती, पण चेहरा कसा उजळला. "माझ्यापायी नोकरी घालवलीस रे राजा? असा मुलगा कोणास मिळतो!" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, असे खांबासारखे उभे काय राहिलात? बसा आणि त्या कंपनीला एक चांगला अर्ज लिहा. तुमचा अर्ज वाचला की त्यांना सगळं कळेल."

शेषगिरी "लिहितो" म्हणाले. मागच्या दारी गेले, विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबून ढसाढसा रडले.