शिवानीचं पोट

माझ्या शिवानीचं पोट सहा महिने दुखत होतं आणि ते कुणामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी नणंद रेश्मा. समोरच्याच गल्लीत राहते, स्वतःला मूलबाळ नाही, आणि येताजाता वाटीभर हुग्गी घेऊन दारात हजर. इतकं गोड बोलणारी बाई मला कधी पचलीच नाही. शिवानी ती खीर चाटूनपुसून खायची आणि सकाळी शाळेच्या वेळेला बेंबीवर हात धरून बसायची. आणखी काय पुरावा हवा?

मी मीठ-मिरच्या ओवाळून जाळायची. पोरीला ठसका आला नाही तर दृष्ट खरी. मग दिवसभर माझ्या मांडीवर. आला तर सगळं नाटक. मग दप्तर पाठीवर आणि शाळा. बहुतेक वेळा ठसका येत नसे. मी हुग्गी मोरीत ओतायला लागले, रेश्माशी बोलणं तोडलं. तरी दुखणं थांबेना.

शेवटी नवऱ्यानं बळेच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजन, उंची, रक्त, सोनोग्राफी, सगळं ठीक. काहीच सापडलं नाही म्हटल्यावर मला बाईंचाही संशय आला. त्यात त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी कसली बसते, दाराला कान लावून उभी राहिले.

"पोट दुखल्यावर घरी काय करतात?"

"आई मिरच्या जाळती. मी श्वास धरून बसती. ठसका आला की म्हणती, नाटक करायलीस."

"मग खरं दुखत नाही का?"

"लई दुखतंय की! पण आईला मिरच्यांचंच खरं वाटतंय."

मी दारावरचा कान काढला. बाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, "मोठा आजार नाही, पण दुखणं खरं आहे. आतडी हळवी असतात काही मुलांची, काळजीनं जास्तच दुखतं. रोज शाळेत पाठवा, सारखं विचारू नका. आणि ती सांगेल तेव्हा खरं माना."

रिक्षात मला रडू येत होतं. रागवायला कुणी उरलंच नव्हतं.

"आई, दुखतंय."

"व्हय गं. दुखत असंल," मी तिचा हात धरला.

तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"खरंच वाटतंय तुला? का डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हणून म्हणायलीस?"