कार्डावरची माणसं

कार्डावर कुणाचं नाव आधी यायचं, याचा कायदा तातेरावच्या वडलांनी, आबारावांनी घालून दिला होता. थोरला वर, धाकटा खाली, आणि घरातलं एकही माणूस सुटायचं नाही. रविवारी दुपारी रेडिओवर फर्माइशीचा कार्यक्रम असायचा. त्यासाठी धावड्याहून पोस्टकार्ड जायचं आणि कधीतरी, आपण विसरून गेल्यावर, ते वाचलं जायचं. आबाराव, त्यांची बायको, तातेराव, सोनूबाई. गाणं कोणतंही लागो. गाण्याच्या आधी नावं येतात, ती ऐकायची.

दुसरा कायदा कुणी घातला नव्हता. आबाराव गेले त्यानंतरच्या कार्डावर तातेरावनं सवयीनं त्यांचं नाव लिहायला पेन टेकवला, तर आईनं मनगट धरलं. "जित्या माणसाचं लिहितेत," ती म्हणाली. पुढं आई गेली, तिचं गाळलं. बायको गेली, गोपिकाबाई. तिचं गाळताना तातेराव बराच वेळ कार्ड उलटंसुलटं करत बसला होता.

आणि लहानपणापासून रेडिओ धरायचं काम धाकट्या बहिणीचं, सोनूचं. मिडीयम वेव्हचं केंद्र असं असतं की रेडिओ एका अंगाला फिरवला की आवाज भरतो, दुसऱ्या अंगाला फिरवला की पातळ होतो. ती रेडिओ मांडीवर घेऊन बोट बोट फिरवायची. आवाज भरला की दगडासारखी स्थिर व्हायची.

"दाद्या, हालू नको. तुझ्यानं खरखर व्हती."

"मी काय तार हाये का?"

"तू तारेपेक्षा वाईट हायेस. गप बस."

ती लग्न होऊन तीर्थपुरीला गेली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडूनही कार्डं जाऊ लागली. तिच्या कार्डावर नवरा, सासू, लेकरं, सगळी. पण सगळ्यांच्या वर : धावड्याचे तातेराव. त्याच्या कार्डावर सगळ्यांच्या खाली : तीर्थपुरीच्या सोनूबाई. घरं दोन झाली होती. कार्डावर ती एकाच घरातली होती.

•

बिघडलं ते हक्कसोडीवरून, आणि तेही जमिनीवरून नाही. ओढ्याकाठच्या तुकड्यावर सोनूबाईचं नाव लागत होतं. ते सोडायला ती तयारच होती. पण तातेराव स्वतः गेला नाही. त्यानं पोराला, कल्याणला, पाठवलं आणि तिला भोकरदनला बोलावून घेतलं. तिनं तिथं कागदावर अंगठ्याशेजारी सहीसुद्धा केली. मग कल्याणला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, जमीन घ्यायला पोरगं पाठवलं. आता दिवाळीला मला न्यायला कोनाला पाठवतो बघते मी."

कल्याणनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तातेरावला ते लागलं. त्या दिवाळीला तो बहिणीला आणायला गेलाच नाही. दुसऱ्या दिवाळीला गेला असता, पण पहिल्या दिवाळीला गेला नव्हता, म्हणून जाता आलं नाही.

बोलणं बंद झालं. कार्ड बंद झालं नाही. भांडणानंतरच्या रविवारी तो रेडिओपाशी नुसता बसला होता, आणि निवेदिकेनं वाचलं : धावड्याचे तातेराव. सगळ्यांच्या वर. त्यानं दुसऱ्याच दिवशी कार्ड लिहिलं आणि शेवटी तिचं नाव घातलं. वर्षानुवर्षं मग तेवढंच चाललं. तिचा फोननंबर कल्याणच्या मोबाईलमध्ये होता, पण तो कुणी लावला नाही. लावायची गरज काय? रविवारी कळत होतं की हाये. तीबी हाये, मीबी हाये.

टक्

ओढ्याकाठच्या त्याच तुकड्यात मका हुरड्यात आला होता, आणि अजिंठ्याच्या डोंगरातून रोही उतरले. नीलगायी. एका रात्रीत त्यांनी अर्धं रान लोळवलं. कल्याणनं झटका मशीन आणलं. रानाभोवती तार ओढली. पेटी चोरीला जाऊ नये म्हणून वस्तीवर, घराच्या ओसरीच्या भिंतीलाच ठोकली. दर सेकंदाला तारेत झटका जातो, जनावर मरत नाही, दचकून माघारी फिरतं.

"रोही काय, माणूसबी येत न्हाई आता," कल्याण म्हणाला.

टक्

रेडिओत आवाज यायला लागला तो तेव्हापासून. घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा जाड. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की मग नुसती कडकड. निवेदिका त्या कडकडीच्या मागं कुठंतरी, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी.

"पुढचं पत्र आलंय तीर्थ टक् हून. पत्र पाठवलंय टक् टक् चे टक् राव टक् टक् आणि शालू टक् टक् यांनी."

तातेरावनं रेडिओ फिरवला. ओटीवर नेला, मोरीपाशी नेला. लिंबाखाली नेला.

"मामा, रेडिओ म्हातारा झालाय," सून सुरेखा म्हणाली. "आता माणसाला ऐकू न्हाई येत तं रेडिओला कुठून येईन."

"मला ऐकू येतंय बराबर. त्याला बोलता येईना."

"मंग मोबाईलवर ऐका की. कल्याण लावून देतेत."

"मोबाईलवर ते केंद्र न्हाई."

"असतं मामा. सगळं असतं."

त्यानं ऐकलं नाही.

टक्

एक रविवार असा आला की गवत नुकतंच कापलेलं होतं आणि कडकड कमी होती. तीर्थपुरी ऐकू आलं, स्वच्छ. त्यानं कान जाळीला लावला. शालू ऐकू आलं, शालू म्हणजे सोनूबाईची लेक. रामप्रसाद ऐकू आलं, म्हणजे तिचा मुलगा. त्यांच्या आधी जिथं आपलं नाव असतं तिथं

टक्

आणि मग एकदम पुढचं गाव.

पुढच्या वेळी परत तसंच. आणि त्याच्या पुढच्याही. बाकीची नावं तुकड्या-तुकड्यानं यायची. त्याचं नेमकं यायचं नाही. आधी मनात आलं, मशीनचा आवाज मधी येत असेल. मग आलं, की दरवेळी बराबर माझ्याच नावावर कसा येईल? मग आलं, की तिनं काढलं.

एकदा तसं वाटलं की पुढं दुसरं काही वाटेना. जितं माणूस कार्डावरून काढलं, म्हणजे काय केलं ते तिला कळत नव्हतं का? आईनं मनगट धरलं तेव्हा ती शेजारीच बसली होती, रेडिओ मांडीवर घेऊन.

तातेरावनं कार्ड घेतलं. तातेराव, कल्याण, सुरेखा, एवढंच लिहिलं. खालची जागा मोकळी सोडली. पत्ता लिहिला. सुरेखाच्या हातात दिलं, "धाड," म्हणाला, आणि रानात निघून गेला.

ते वाचलं गेलं की नाही, ते त्याला ऐकू आलं नाही. त्यानंतर त्यानं कार्ड लिहिलं नाही.

टक्

दोन पावसाळे असे गेले. पौषात कल्याणचा फोन वाजला. कल्याणनं तो कानाला लावला, बापाकडं बघितलं, आणि पाठ फिरवून बोलू लागला.

•

सोनूबाईची माती मिळाली नाही, अंतर लांब. दहाव्याला तातेराव गेला. जालन्याला उतरून दुसरी गाडी धरली. खिडकीशी बसून सारखा हात खिशात घालत होता. काय शोधतोय ते त्यालाही माहीत नव्हतं.

गोदावरीवरचा विधी उरकून मंडळी घरी आली, जेवणं झाली, पांगली. रविवार होता. ओसरीत शालू, रामप्रसाद आणि तातेराव उरले. शालू उठली, कोनाड्यातून आईचा रेडिओ काढला आणि पुढ्यात ठेवला. काटा जिथं होता तिथंच होता.

"लावू का मामा? आज लावू नये खरं तं. पण रविवारी हे घर बिनआवाजाचं मला बघवत न्हाई."

तिनं बटण फिरवलं. निवेदिकेचा आवाज आला. तिचा श्वास ऐकू येत होता. कागद उलटल्याचं ऐकू येत होतं. बदनापूर, परतूर, मंठा, नावामागून नाव, सगळी धडधाकट. तातेराव पुढं वाकला.

"ह्याच्यात टकटक न्हाई," तो म्हणाला.

"कसली टकटक?"

"माझ्या रेडिओत असती. दोन वर्सं झाली. तुमचं गाव येतं, नावं येत न्हाईत."

रामप्रसादनं मान वर केली. "घरापाशी झटक्याचं मशीन हाये का मामा?"

"हाये. ओसरीत."

"मंग त्याचंच हाये. आपल्या शेजारच्यानं लावल्तं, तव्हा आईच्या रेडिओत असंच व्हायलं. आई त्याच्या दारात जाऊन बसली. म्हनली, मशीन उचल, न्हाईतर मी इथून उठत न्हाई. तो म्हनला, मावशे, रेडिओसाठी? ती म्हनली, त्याच्यात माझ्या भावाचं नाव येतं. त्यानं गप पेटी काढून परल्या अंगाला नेली."

"कोनाच्या नावासाठी?" तातेरावनं विचारलं. ऐकू आलं होतं.

"तुमच्या. तिच्या कार्डावर पहिलं तुमचंच असायचं की. आता आता तिचा हात कापायचा, मीच लिहून द्यायचे," शालू म्हणाली. "शेवटचंबी मीच लिहिलं. मी म्हनलं, आई, मामांनी तुझं नाव काढलंय, तू त्यांचं कशाला घालतीस? तं म्हनली, लिही तू."

तातेरावचा हात खिशात गेला, बाहेर आला.

"तिनं ऐकल्तं ते?" त्यानं विचारलं. "माझं ते कार्ड?"

शालूनं रेडिओचा आवाज जरा कमी केला. ती रागानं बोलत नव्हती. तेच अवघड होतं. "ऐकल्तं मामा. कल्याणदादाचं आलं, वहिनीचं आलं, आणि गाणंच लागलं. आई तशीच बसून राह्यली. मंग म्हनली, दाद्यानं मला मेलेली धरली. आणि उठून भाकरी थापाय लागली."

"मशीन होतं," तातेराव म्हणाला.

"काय?"

"मशीन होतं गं. टकटक करायचं."

शालूनं रामप्रसादकडं बघितलं. रामप्रसादनं जमिनीकडं. तातेरावला आणखी सांगायचं होतं. कान जाळीला लावला होता. लिंबाखाली नेला होता. गवत कापलं होतं. पण ते तोंडातून निघताना सगळं बारीक होऊन जायला लागलं.

रेडिओवर कार्यक्रम संपता संपता निवेदिकेनं सांगितलं, की मिडीयम वेव्हवरचं आपलं प्रक्षेपण या महिनाअखेर थांबतंय. यापुढे मोबाईल ॲपवर भेटू. महिन्याच्या शेवटच्या रविवारी राहिलेली सगळी पत्रं वाचू.

"आईनं हे ऐकलं न्हाई, बरं झालं," शालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परतताना तातेरावनं जालन्याच्या स्टँडवर उतरून आधी पोस्ट शोधलं. तिथल्याच टेबलावर, साखळीनं बांधलेल्या पेनानं, लिहिलं. तातेराव. कल्याण. सुरेखा. पेन थांबला. मनगट धरायला कुणी नव्हतं. त्यानं खाली तिचं नाव लिहिलं.

•

महिन्याचा शेवटचा रविवार. तातेरावनं झटक्याच्या पेटीचं बटण बंद केलं. रेडिओ लावला. आवाज असा आला की सुरेखा भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"नीट केला का काय, मामा?"

"नीटच होता."

पत्रं खूप होती. निवेदिका घाईघाईनं वाचत होती, गाणी अर्धी अर्धी लागत होती. लोकांनी जुने रेडिओ सोडवत नाहीत म्हणून लिहिलं होतं. कुणी पत्रात फुलं घातली होती. तातेराव हलला नाही. रेडिओ त्यानं मांडीवर घेतला होता.

"धावडा. भोकरदन तालुका. तातेराव, कल्याण, सुरेखा," निवेदिका थांबली. कागद हलला. "आणि तीर्थपुरीच्या सोनूबाई. अरे वा. धावड्याच्या कार्डावर सोनूबाईंचं नाव किती दिवसांनी आलं. आम्ही इथं बोलायचो, की ही जोडी कुठं गेली. सोनूबाई, ऐकताय ना? तुमच्या भावानं आठवण काढलीय."

सुरेखा दारात तशीच उभी राहिली. हाताला पीठ वाळत होतं.

"मामा," ती हळू म्हणाली, "आत्याबाईंचं नाव…"

तातेरावनं हात वर केला. हालू नको.

गाणं लागलं. रानातून कल्याण धावत आला. "नाना, बटण कोनी बंद केलं? रोही शिरलेत, हरभरा खाऊन राह्यलेत." तो पेटीकडं वळला. तातेरावनं पेटीवर पंजा ठेवला.

"गाणं होऊ दे."

"नाना, पार उद्ध्वस्त करतील."

"होऊ दे गाणं."

कल्याणनं बापाचं तोंड बघितलं आणि काठी घेऊन एकटाच माघारी पळाला. ओढ्याकाठच्या तुकड्यातून त्याचं हाकारणं ऐकू येत राहिलं. गाणं पुरतं वाजलं नाही. निम्म्यातच निवेदिका पुढच्या गावाला गेली.

•

त्याच्या पुढच्या रविवारी तातेरावनं वेळेवर रेडिओ लावला. काटा तिथंच होता. मशीन बंद होतं. जाळीतून नुसता वाऱ्यासारखा आवाज आला, लांबवर पसरलेला, त्यात कुणीच नसलेला. त्यानं रेडिओ एका अंगाला फिरवला. दुसऱ्या अंगाला फिरवला. तीर्थपुरीच्या अंगाला फिरवून तसाच धरला.

टकटकीच्या मागं निदान त्याचं नाव असायचं. मग उठून भिंतीपाशी गेला आणि आपल्याच हातानं पेटीचं बटण दाबलं. परत येऊन रेडिओ मांडीवर घेतला.

टक्

टक्

टक्