दार उघडण्याचा प्रकल्प

निवृत्त झाल्यावरही शाळेने बाईंकडे एक काम ठेवलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी तिथलं ग्रंथालय सांभाळलं, आणि पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला एकदाही माफ केलं नाही. दरवर्षी नववीची मुलं समाजसेवेच्या प्रकल्पांच्या कल्पना लिहून देत. त्यांतली एक निवडायला मुख्याध्यापक, शाळेच्या डॉक्टरीणबाई आणि बाई, असे तिघं बसत. कागदावर कुणाचंच नाव लिहायचं नाही, लिहिणाऱ्याचंही नाही आणि ज्याच्यासाठी काम करायचं त्याचंही नाही, हा नियम बाईंचाच. ओळखीपाळखीने गुण वाटले जातात, हे त्यांचं ठाम मत.

यंदा तेवीस कागद आले होते. दुपारी जेवणाच्या टेबलावर ते पसरून बाई लाल पेन घेऊन बसल्या. टेबलाला खुर्च्या चार, पण बाकीच्या तीन खुर्च्यांवर आता वर्तमानपत्रांची रद्दी बसायची. सात कागदांत झाडं लावायची होती. त्यांना पाणी कोण घालणार हे एकाही पठ्ठ्याने लिहिलं नव्हतं. पाचांना भिंती रंगवायच्या होत्या. एकाला जगातलं प्रदूषण संपवायचं होतं, तेही परीक्षेच्या आधी. बाई गुण देत, स्वतःशीच पुटपुटत पुढे चालल्या होत्या.

सतरावा कागद असा होता:

‘आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात. त्या बाहेरून आल्या की आधी बेल वाजवतात. घरात कोणी नसतं. थोडं थांबून मग किल्लीने दार उघडतात. आम्ही चौघं आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी थांबू आणि बेल वाजली की दार उघडू. खर्च काही नाही.’

बाईंनी तो दोनदा वाचला. मग त्यांचे कान तापले.

बेल त्या वाजवत होत्या खऱ्या. ‘हे’ असताना किल्ली कधी लागलीच नाही. बेल वाजली की आतून चपला फरफटत यायच्या आणि ‘आलो, आलो’ ऐकू यायचं. ‘हे’ गेले त्याला चार वर्षं झाली, तरी बोट आपलं बेलकडेच जायचं. ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत असेल असं बाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“आगाऊ कार्टी!” त्या मोठ्याने म्हणाल्या. जिन्यात चेंडू आपटणारी तीच चौकडी, दुसरं कोण! त्यांना कितीदा झापलं होतं. बाईंनी दहापैकी दोन गुण ठोकून दिले आणि कागद सगळ्यांत खाली सरकवला.

संध्याकाळी त्या साबण आणायच्या निमित्ताने बाहेर पडल्या. साबण घरात होता. परत आल्यावर बोट बेलपर्यंत गेलं आणि तिथेच थबकलं. वरच्या जिन्यात कुणी उभं असेल का? त्यांनी निमूटपणे किल्ली फिरवली. बेल न वाजवता घरात शिरताना आपल्याच घरात चोरासारखं वाटलं, आणि बाईंना रडू आलं. साबण हातात तसाच धरून त्या बराच वेळ दाराशी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. सतरावा कागद निघाला तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. “दार उघडायचा प्रकल्प! गोड आहेत हं मुलं. पण यात दाखवायचं काय?”

“तुमचे तर दोनच गुण आहेत, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले. “मग बाजूला ठेवू?”

“माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “दहा करा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी दिलेले गुण बदलल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं.

“पण ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांची संमती लागते. इथे सर्वांत खाली सही हवी,” मुख्याध्यापकांनी छापील अर्ज पुढे केला. “आता या आजींना शोधणार कोण, विचारणार कोण?”

“आणि विचारलं तरी परक्या पोरांच्या हाती घराची किल्ली कोण देतंय?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकटं राहणारी माणसं मानी असतात हो. वर आपल्यालाच ऐकवतील.”

‘राहू दे मग’ एवढं बाईंनी म्हटलं असतं तरी पुरे होतं. कुणाला काही कळलं नसतं, आणि आयुष्यभर जपलेला ताठा शाबूत राहिला असता. त्यांनी अर्ज जवळ ओढला आणि सही केली.

“अहो बाई, परीक्षकांची सही वर,” मुख्याध्यापक घाईने म्हणाले. “तुमची चुकून खाली झाली.”

“जागा बरोबर आहे.” बाईंनी पेनाला टोपण लावलं. “मंगळवारी मी साडेपाचला घरी येते. मुलांना म्हणावं, आत दंगा करायचा नाही. बेल ऐकू आली पाहिजे.”