सरकारी वकिलाची ढकलगाडी

मित्रांनो, ओहायो राज्यात सरोवराकाठी एक शहर आहे. तेथील न्यायालयाच्या तळघरात जी जुनी लोखंडी ढकलगाडी उभी आहे, ती मी. माझा सांगाडा सव्वा इंची नळीचा, चाके चार, त्यांपैकी पुढची दोन फिरती. मला घडवणाऱ्या एमिल ब्रॉट या कारागिराने माझ्यावर दोन दिवस चारशे पौंड वजन ठेवून पाहिले आणि मगच मला रंग दिला. "वाकली नाही पोरगी," असे तो मुकादमाला म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी. खरी म्हणावी अशी शेवटचीही तीच.

माझी नेमणूक सरकारी वकिलांच्या कचेरीत झाली. खटल्याच्या दिवशी पुराव्यांची खोकी न्यायदालनात नेणे हे माझे काम. सहा वर्षे मी ते इमानाने केले. नंतर हार्लन ट्रेडवेल नावाचा तरुण वकील आला.

त्याच्याकडे उत्तम दात होते, भरदार आवाज होता आणि वाचनाचा मनस्वी कंटाळा होता. पहिला खटला त्याने कागद न वाचताच लढवला. ज्यूरीने चाळीस मिनिटांत आरोपीला निर्दोष ठरवले. त्या दुपारी तो माझा दांडा धरून बराच वेळ उभा होता. आता हा अभ्यासाला लागेल, असे मला वाटले. तो खटले टाळायला शिकला.

आमच्याकडे आरोपीने गुन्हा कबूल करून सही केली की खटला चालत नाही. शिक्षा कमी होते आणि सरकारी वकिलाच्या नावावर विजय चढतो. एवढ्यावर ट्रेडवेलने कारकीर्द उभारली. सहीच्या दिवशी तो माझ्यावर बारा खोकी रचायचा, प्रत्येकावर आरोपीचे नाव ठळक लिहायचा आणि आरोपीसमोरून मला सावकाश ढकलत न्यायचा. खोकी रिकामी असत. इतका पुरावा पाहून माणसांचा धीर सुटे आणि ती सही करीत. अशा एकेचाळीस जणांसमोरून मी गेले. वर्तमानपत्रांनी त्याला अजिंक्य म्हटले. चारशे पौंड पेलणारी मी पुठ्ठे वाहत होते आणि हा मनुष्य माझ्यामागून छाती काढून चालत होता.

बेचाळिसावी हेलन मॅझुरेक. टपालखात्यात बावीस वर्षे पार्सले हाताळणारी विधवा. तिच्या पाळीत नऊ पार्सले नाहीशी झाली होती. चोरी कबूल केली तर एक वर्ष तुरुंग, खटला लढवून हरली तर आठ वर्षे. चोरी मी केलेली नाही, एवढेच ती पहिल्यापासून सांगत होती. तिला सरकारकडून मिळालेला वकील मार्व्हिन डॉब्स तिच्याबरोबर दालनाबाहेरच्या बाकावर बसला होता. ट्रेडवेल मला ढकलत दारातल्या पट्टीवरून त्यांच्यासमोर आला.

"बाई, ते बघा," तो हळूच म्हणाला. "बारा खोकी. माझ्याकडे एक फाइल आहे, आणि तिच्यात निम्मी जागा माझ्या सँडविचनं अडवलीय. सही करून टाका."

हेलन माझ्या चाकांकडे पाहत होती.

"साहेब, गाडी जरा मागे घेऊन परत आणा बघू. त्या दारातल्या पट्टीवरून."

"इथं तुमची शिक्षा ठरतेय बाई," ट्रेडवेल हसून म्हणाला. "पार्सलं नाही वाटायची."

"भरलेली गाडी पट्टीवरून धपकन उतरते. तुमची टुणकन उडाली. वरचं खोकं तर नाचलं. कागद विटांसारखे जड असतात, साहेब. आणि तुम्ही एका हातानं ढकलताय. दुसऱ्या हातात कॉफी आहे तुमच्या."

डॉब्सने कॉफीकडे पाहिले. ट्रेडवेलनेही पाहिले.

"सरकारी पुराव्याला हात लावायचा नाही," ट्रेडवेल म्हणाला.

"मी कशाला लावू? तुम्हीच कुठलंही एक झाकण उघडा. आत माझी चोरी निघाली तर इथंच सही करते."

ट्रेडवेलने झाकण उघडले नाही. डॉब्सने पेनला टोपण लावले. "मग लढू या आपण," तो म्हणाला.

लढावे लागलेच नाही. चौथ्या दिवशी ट्रेडवेलने आरोप मागे घेतला आणि कारण लिहिले, 'न्यायाच्या हितासाठी'. मागे घेतलेला आरोप पराभवात मोजत नाहीत, हे त्याने आधी शोधून काढले होते. त्याने नीट वाचलेला तो एकमेव नियम असावा. हेलन पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाली.

ट्रेडवेलने मात्र खोकी फक्त बदलली. पुढच्या वेळेपासून प्रत्येकात एकेक जुनी टेलिफोन डिरेक्टरी आली. एकोणतीस वर्षांनी तो सन्मानाने निवृत्त झाला. भाषणांत त्याच्या पहिल्या खटल्याचा कोणी उल्लेख केला नाही. निरोपाचा तीनमजली केक माझ्यावरूनच आणला गेला. त्याच्या काळात मी वाहिलेली सर्वांत जड वस्तू तीच.

आता माझे डावे चाक गंजले आहे. दोन थेंब तेल घालाल तर बरे वाटेल, परंतु माझी मुख्य विनंती ती नाही. हेलनच्या आधीच्या एकेचाळीस आणि नंतरच्या कित्येक जणांत किती चोर होते आणि किती निरपराध, हे मला ठाऊक नाही. ट्रेडवेललाही ठाऊक नव्हते, कारण त्याने कधी तपासलेच नाही. त्यांनी मला पाहून सही केली, आणि लोखंडाची असूनही मला त्याची लाज वाटते. मित्रांनो, कोणी रचलेली खोकी दाखवून तुमच्याकडून काही कबूल करून घेऊ लागला, तर पेन खाली ठेवा आणि त्याला एक झाकण उघडायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला, तर सही करू नका.